अड्ड्यावर सापडला म्हणजे जुगारी?

शहापूरकर: माझा आतेभाऊ चहाची किटली घेऊन अंदर-बाहर या पत्त्यांच्या जुगाराच्या अड्ड्यावर गेला. पैसे घ्यायला थांबला, तेवढ्यात धाड. हातात पत्ता नाही, खिशात सुट्टे १२० रुपये. तरी नऊजणांच्या खाली दहावं नाव त्याचं. आत्या एकच विचारते, "काय करूलालास थितं?" जुगार खेळला नाही त्याला निव्वळ तिथं सापडला म्हणून गुंतवायचं, हा कुठला न्याय?

वडगावचा तात्या: न्यायाचं सोड. रोज चहा नेतोय म्हणजे काय चाललंय ते ठाऊक होतंच की! असल्या अड्ड्यांपायी आमच्या गल्लीत दोन घरं बसली. चहावाला, पानवाला, दारात राखण करणारा, सगळ्यांचंच पोट त्यावर.

शहापूरकर: मग लाईटबिलवाल्यालाही धरा, तात्या. उजेड त्याचाच.

कोर्टगल्ली: इथं तात्यांचं ऐकावं लागतंय. कर्नाटक पोलीस कायदा १९६३, कलम ८०. अड्ड्यात खेळ चालू असताना जो सापडेल तो खेळायलाच आलेला, असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं तर ते दाखवायचं ओझं आपल्यावर. म्हणून आधी बघा, पंचनाम्यात किटली आणि ग्लासं आलीत का?

खानापूरहून: जुगाराचं ठीक. पण १ नोव्हेंबरला आपण बेळगावात मराठी माणसं काळा दिन पाळतो, त्या निषेध फेरीचं काय? एकानं दगड मारला की फिर्यादीत चार नावं "आणि इतर". त्या "इतर"मध्ये रस्त्याकडेला उभा असलेलाही बसतो.

कोर्टगल्ली: बसवतात, पण टिकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या १८९ आणि १९० या बेकायदा जमावाच्या कलमांना पाच किंवा जास्त माणसं लागतात, शिवाय सगळ्यांचा उद्देश एक लागतो. बघ्याचा तो नसतो. मसलती खटल्यात (१९६४) सुप्रीम कोर्टानं मोठ्या जमावाबाबत दोन-तीन साक्षीदार एकसारखं सांगतात का, हे बघायला लावलं. मात्र बेकायदा जमावाला पांगा म्हटल्यावर जाणूनबुजून त्यात थांबलात तर तो वेगळा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत.

खानापूरहून: टिकत नाही हे कळेपर्यंत पोराची उमेदीची वर्षं तारखांत जातात. पासपोर्ट अडतो, नोकरीच्या अर्जात "गुन्हा प्रलंबित" लिहावं लागतं. आणि पांगा म्हटलेलं कन्नडात असतंय.

वडगावचा तात्या: इथं जन्मलास, एवढं कन्नड कळत नाही होय?

कोर्टगल्ली: भांडू नका. कामाचं ऐका. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. आणि अटकेची कारणं आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत.

शहापूरकर: पंचनामा मास्तरांकडून वाचून घेतला. पत्ते ५२, रोकड, सतरंजी एक. किटली नाही. भाऊ म्हणतो, पळापळीत तिथंच लवंडली.

वडगावचा तात्या: नऊजणांपैकी कुणी बोलेल का, चहा याच्याकडून प्यालो म्हणून?

शहापूरकर: दोघांची उधारी आहे. त्यांनाच विचारतो.