डोहाळजेवणाचा बेत आणि बी१२ जीवनसत्त्व

ए-१०२ वहिनी: रविवारी गच्चीवर बी-३०१ च्या सूनबाईंचं डोहाळजेवण. पुरणपोळी, कटाची आमटी ठरली. अजून काय करूया?

सी-४०४ काका: केशर-बदाम दूध ठेवा. गंगावेशीतनं ताजं आणतो मी. पोरगं हुशार होतंय त्यानं.

बी-२०३ मावशी: दूध आणा, पण केशरानं बुद्धी येत नाही काका. काल जिन्यात ती भेटली. सातवा महिना, घर शाकाहारी, त्यात चतुर्थी-एकादशी चालूच. दूध बघितलं की मळमळतंय म्हणाली, चहावरच दिवस काढते. मला रात्री झोप लागली नाही. तीस वर्षं नर्स म्हणून गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन बघितलं, ११ च्या खाली गेलं की धावपळ करायची. बी१२ जीवनसत्त्व कुणी विचारत नव्हतं.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायका तपासल्या, मग त्यांची पोरं वाढताना बघितली. निम्म्याहून जास्त जणींचं बी१२ कमी निघालं. पोरं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना आकडे उलटे म्हणायला लावले. सातव्या महिन्यात ज्यांच्या आईचं बी१२ अगदीच कमी होतं, ती पोरं त्यात आणि लक्ष टिकवण्यात मागं पडली. एकूण बुद्धीत फरक नव्हता, म्हणून घाबरू नका. पण दुर्लक्षही नको.

बी-३०१ (मुलगा): मावशी, फॉलिक अ‍ॅसिड तर पहिल्यापासून चालू आहे.

बी-२०३ मावशी: चांगलं केलंत. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या २८ दिवसांतच मिटते, तेव्हा ते लागतं. बी१२ वेगळं बाळा. डाळी-पालेभाजीत ते नसतंच. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यातनं मिळतं. दूध सोसत नसेल तर दही-ताक द्या. डॉक्टरांना विचारून रक्त तपासा, कमी असेल तर त्या सांगतील ती गोळी.

डी-१०१ ताई: आम्ही सगळं सैंधवातच करतो, ते चांगलं ना?

बी-२०३ मावशी: पाकिटावर आयोडीन लिहिलंय का बघ. नसेल तर गरोदर बाईच्या घरात साधं आयोडीनचंच मीठ. बाळाच्या मेंदूला ते लागतंच.

बी-३०१ आक्का: उपवास माझ्यामुळंच चालू हाईत. पोरगी काय बोलली नाही, मलाच कळायला पायजे होतं. उद्या मीच नेतो तिला डॉक्टरांकडं.

बी-२०३ मावशी: न्या आक्का. आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर द्या.

ए-१०२ वहिनी: मग रविवारी दहीभात आणि मठ्ठा वाढवते. काका, दूध आज रात्रीच आणा, विरजण लावायचंय.