मदत हवी आहे: शेजारी वायरी जाळतात, परसातला पालक खावा का?

चिखलीकर: मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्री वायरी जाळतात. सकाळी पालकावर काळी पूड, बोटाला तेलकट लागते. माती तपासली, रिपोर्ट नॉर्मल आहे. तरी गांडुळं दिसेनाशी झालीत. भाजी खायची की नाही? लवकर सांगा.

काळी_माती: शेड किती लांब? रिपोर्टमध्ये काय काय तपासलंय? घरात लहान मूल आहे का?

हिरवा_कोपरा: सूर्यफूल आणि मोहरी लावा, वायरींच्या राखेतलं शिसं मातीतून ओढून घेतात. भरपूर शेणखत घाला, गांडुळं आपोआप येतील.

काळी_माती: सूर्यफुलाच्या भरवशावर राहू नका. शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, मुळांतून वर फार कमी चढतं. वर्षानुवर्षं लावलं तरी जेमतेम फरक पडेल, आणि तीच झाडं कुजवून वाफ्यात घातली तर जिथल्या तिथेच.

हिरवा_कोपरा: मग चुना टाका. सामू (पीएच) वाढला की धातू मातीतच अडकतात.

काळी_माती: आम्लधर्मी मातीत, हो. आपल्याकडची काळी माती मुळातच साडेसात-आठ सामूची, म्हणजे आम्लधर्मी नाहीच. चुन्याने काय साधणार?

चिखलीकर: शेड साठ फुटांवर. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह, मँगनीज, तांबं तपासलंय. तांबं 'भरपूर' आहे. मुलगी दीड वर्षाची, अंगणातच रांगते. चार कोंबड्याही आहेत.

काळी_माती: हे आधी सांगायला हवं होतं. ती तपासणी पिकाला काय कमी पडतंय ते बघते. तांबं ०.२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२ भाग) वर गेलं की 'पुरेसं' लिहून मोकळे. शिसं, कॅडमियम हे विषारी धातू त्यात नसतातच. आणि जास्त तांबं गांडुळांना मारक असतं. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये माती आम्लात विरघळवून आयसीपीवर (धातू मोजायचं यंत्र) एकूण शिसं, कॅडमियम, तांबं मागा. आठ-दहा जागांची माती घ्या, वरचा एक इंच वेगळा, खालचे सहा इंच वेगळे. गॅल्वनाइझ्ड खुरपं नको, जस्त मिसळतं.

पालक सध्या बंद. शिशाची पूड धुऊन बरीचशी जाते, पण कॅडमियम मुळांतून पानात चढतं, ते धुऊन जात नाही.

 



रक्तचाचणी: अंडी आजपासून बंद. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना क्लोरीन सुटतो आणि तांबं उत्प्रेरक ठरतं, त्यातून डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं होतात. ती चरबीत विरघळतात. कोंबडी माती टोचते आणि ती बलकात उतरतात. उकडून जात नाहीत.

मुलीचं रक्तातलं शिसं तपासा, शिरेतून रक्त घेऊन. बोट टोचून घेतलं तर त्वचेवरच्या धुळीने आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. ४५ च्या पुढे शिसं बाहेर काढायचं औषध लागतं. पोटातल्या शिशापैकी लहान मूल निम्म्यापर्यंत शोषतं, मोठा माणूस साधारण दहावा भाग. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी.

चिखलीकर: चाचणी उद्या करतो. अंगणाचं आज काय करू?

काळी_माती: उघडी माती फरशीने नाहीतर जाड ताडपत्रीने झाका. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. चपला दाराबाहेर, मुलीचे हात प्रत्येक खाण्याआधी साबणाने. धुराचा फोटो तारीख-वेळेसकट काढून प्रदूषण मंडळ आणि महापालिका, दोघांकडे लेखी द्या, पोच घ्या. ई-कचऱ्याचं काम नोंदणी असलेल्यांनीच करायचं, हे २०२२ च्या नियमांत आहे; अर्जात त्यांचा उल्लेख करा.