सरसकट बंदीपेक्षा हेतू पाहावा
वर्गात मोबाइल आला की मुलांचे लक्ष उडते, म्हणून सरसकट बंदीच हवी, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांतील मोबाइलवर कायद्याने बंदी घातली, तेव्हाही अध्यापनासाठीच्या वापराला मुभा ठेवली होती. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात, हे फळ्यावरून उतरवून घेणे वेगळे आणि चौघांनी एकाच फोनवर त्याचे चित्रीकरण करून, ते संथ गतीने पुढेमागे सरकवत, दोरी आखूड केल्यावर हा काळ किती घटला हे स्वतः मोजणे वेगळे. मात्र प्रयोग संपताच फोन शिक्षकांच्या टेबलावर परत गेलाच पाहिजे. नुसता आवाज बंद करून तो बाकावर ठेवणे मला पुरेसे वाटत नाही.