भुरकीच्या खोडी: कोणत्या चालू द्यायच्या, कोणत्यांची दखल घ्यायची?

झुळूक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे भुरकी नावाची मांजर आहे. राखाडी रंग, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका, वय तीनच्या आसपास, नसबंदी झालेली. मोठी झाल्यावर ती माझ्याकडे आली. आईपासून कधी तुटली, आधी कुणाकडे होती, काही पत्ता नाही. खाणंपिणं चोख, वाळूचा ट्रे न चुकता वापरते, अंगावर तुकतुकी आहे. आजारी वाटावं असं काही नाही. पण तिचे एकेक प्रकार बघून घरातले रोज विचारतात, हिला झालंय तरी काय? मला उत्तर देता येत नाही.

खाऊन झालं की वाटीभोवतीची फरशी पंजाने खरवडत बसते, अगदी मन लावून. रबरी चेंडू तोंडात धरून आणते, पाण्याच्या भांड्यात टाकते आणि निघून जाते. पहाटे उजाडायच्या आत या खोलीतून त्या खोलीत चौखूर उधळते, वाटेत माझ्या पोटावर पाय देऊन. टेबलावरचं पेन कडेपर्यंत सरकवते, थांबते, माझ्याकडे बघते, मगच पाडते. आणि रात्री माझी लोकरीची शाल पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखी तिंबत, डोळे अर्धे मिटून तिचं टोक चोखते. शाल ओलीचिंब होते. तेवढा वेळ तिची घुरघुर पलीकडच्या खोलीत ऐकू येते.

सासूबाईंचं म्हणणं, हे सगळं माझं लक्ष वेधायला चाललंय. भाऊ म्हणतो, एकटी पडते बिचारी, जोडीला दुसरं मांजर आण. मला ती आनंदात हवी आहे. यातलं काय मांजराचा स्वभाव म्हणून सोडून द्यायचं आणि कशाकडे लक्ष द्यायचं?

भाटीवाला

झुळूकताई, आमच्या घरात आईच्या काळापासून मांजरं आहेत. आत्ता दोन भाट्या आणि एक बोका. इतकी वर्षं बघून माझं एक ठाम मत झालंय: मांजर उगाच काही करत नाही. कारण असतं, फक्त ते उघड्यावरच्या जगण्यातलं असतं आणि ती ते चार भिंतींच्या आत पार पाडत असते.

वाटीभोवती खरवडणं घ्या. खाऊन उरलेली शिकार झाकून ठेवली की तिचा वास पसरत नाही, दुसरं कुणी येऊन ती पळवत नाही. प्यूमा हा मांजराच्याच कुळातला मोठा जंगली प्राणी तर मारलेल्या हरणावर पालापाचोळा आणि माती ओढून ठेवतो आणि नंतर परत येऊन खातो. भुरकीच्या पंजाखाली माती असो की फरशी, तिच्या लेखी काम तेच. वाटीत अन्न उरत असेल तर एका वेळी कमी वाढा आणि वेळा वाढवा. आमची सोनी अर्धं टाकून खरवडत बसायची, वाढप लहान केल्यावर ते बरंच कमी झालं. पण नाही थांबलं तरी बिघडत नाही. तिला रागावू मात्र नका.

चेंडूचंही तसंच. मांजर शिकार पकडली तिथेच खाईल असं नाही. बरेचदा ती उचलून सुरक्षित, हक्काच्या जागी नेते. घरात जेवणापाण्याची जागा म्हणजे तिची सगळ्यात हक्काची जागा. आमची धाकटी कापडी उंदीर अशीच पाण्यात सोडते. पाणी तेवढं वरचेवर बदला.

पेन पाडण्याबद्दल एक सांगतो: पुढच्या वेळी ओरडू नका, शेजारी बसून बघा. आमचा बोका पेनाचं टोपण पाडतो तेव्हा मी बघत बसतो. आधी मिशा पुढे येतात. मग पंजा येतो, नखं आत घेतलेली. एक हलकी टिचकी. टोपण घरंगळलं की पंजा हवेत तसाच थांबतो, कान पुढे, बुबुळं मोठी. टोपण थांबलं की दुसरी टिचकी, पहिलीपेक्षा जराशी जोरात. पंजाच्या गाद्या फार संवेदनशील असतात, त्यांनी तो तपासत असतो की हे हलतंय का, पळतंय का, यात जीव आहे का. तेवढ्यात ते खाली पडून आवाज झाला आणि कुणी धावत आलं की त्याला खेळातून आणखी एक बक्षीस मिळतं. त्या अर्थाने तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. पण लक्ष मागणं हा काही गुन्हा नाही. ते पेन पडायच्या आधी द्या. दोरीला पीस बांधून सकाळ-संध्याकाळ मनापासून खेळवा आणि शेवटी ते पीस तिला पकडू द्या, दातांत धरू द्या. लेझरचा ठिपका मला पटत नाही. जनावर जीव तोडून धावतं आणि पंजात काहीच येत नाही.

पहाटेची धावपळ: मांजर हे तिन्हीसांजेचं आणि पहाटेचं जनावर. ज्यांची ती शिकार करते ते जीव त्याच वेळी बाहेर पडतात. म्हणून झोपायच्या आधी तिला दमेपर्यंत खेळवा आणि लगेच जेवू घाला. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा तिचा क्रम आहे, तो तुमच्या झोपेच्या वेळेशी जुळवायचा. पोटावर पाय पडल्यावर तुम्ही उठून वाटी भरत असाल तर ते आजपासून बंद. पहिले काही दिवस ती जास्तच त्रास देईल, नेट धरा. अर्थात न उठणं सोपं नाही हे मला माहीत आहे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की खायला मागताना काही मांजरं घुरघुरीतच रडण्यासारखा एक बारीक सूर मिसळतात, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटते.

राहता राहिली शाल. पिल्लू आईच्या पोटाला पंजांनी दाबतं, त्याने दूध सुटतं. मोठेपणी निवांत, सुरक्षित वाटलं की तेच पंजे तसेच चालू लागतात. तिंबणारी मांजर म्हणजे विसावलेली मांजर. शाल चोखणं सयामी आणि बर्मी जातींत जास्त दिसतं, पण आपल्या साध्या मांजरांतही असतं. आईपासून लवकर तोडण्याचाही संबंध असतो. हेलसिंकी विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात लवकर तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा आणि तीच ती कृती करत राहण्याची सवय जास्त आढळली. भुरकीचं बालपण तसं गेलं असेल तर शालीत तिला आधार मिळत असेल. तो तिच्याकडून ओढून घेऊ नये असं मला वाटतं.

टेकडी

भाटीवालेदादांनी छान लिहिलंय. मी फक्त भावाच्या सल्ल्याबद्दल बोलते. दुसरं मांजर घाईने आणू नका! एकटं राहणं मांजराला आपल्याइतकं जड जात नाही. ती एकटीने शिकार करणारी आहे. खाणं, ट्रे, खिडकी यांत अचानक वाटेकरी आला तर भुरकीचा ताण वाढेल, कमी होणार नाही. आणायचंच असेल तर वेगळी खोली, आधी फक्त वासाची ओळख, मग दाराच्या फटीतून, असं सावकाश.

त्यापेक्षा तिला एक पुठ्ठ्याचा खोका द्या. गंमत म्हणून नव्हे, गरज म्हणून. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या लोकांनी 2014 मध्ये प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, काहींना नाही. खोकेवाली मांजरं पहिल्या काही दिवसांत लवकर शांत झाली. मोठी होऊन नव्या घरी आलेल्या मांजरीला हे फार लागू पडतं. एक खोका जमिनीवर, एखादा उंचावर. आत तुमचा वापरलेला सुती कपडा ठेवा, धुतलेला नको, तुमचा वास हवा.

आणि ती पेन पाडायच्या आधी तुमच्याकडे बघते ना, एरवी शांत बसली असताना तशीच नजरेला नजर मिळाली की डोळे अगदी सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. रोखून बघणं मांजराला धमकी वाटते, सावकाश मिटलेले डोळे वाटत नाहीत. ससेक्सच्याच 2020 च्या अभ्यासात दिसलं की माणसाने असं केलं तर मांजरंही उलट डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाजवळ जायला जास्त तयार होतात. आमच्या काळीने पहिल्यांदा उलट डोळे मिटले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पट्टीवाली

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. शालीबद्दल एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही: भुरकी शाल चोखते की खाते?

चोखणं आणि खाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे जिभेवर आलेला धागा तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. लांब धागा एका टोकाला अडकला, जिभेखाली म्हणा किंवा जठराच्या तोंडाशी, तर आतडं त्या धाग्यावर गोळा होत जातं आणि धागा आतड्याच्या भिंतीत रुततो. त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढायचा नाही. तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

बाकीच्या सवयींबद्दल माझा एकच निकष आहे. सवय किती विचित्र आहे हे मी बघत नाही, ती नवी आहे का हे बघते. वर्षानुवर्षं फरशी खरवडणारी मांजर ठणठणीत असते. पण कधीही न ओरडणारी म्हातारी मांजर रात्री मोठ्याने ओरडू लागली, भरपूर खाऊनही वाळत चालली, पाणी जास्त पिऊ लागली, तर थायरॉइड, मूत्रपिंडं आणि रक्तदाब तपासून घ्यायला हवेत. एकच जागा चाटून चाटून तिथले केस गेले असतील तर तिथे खाज, दुखणं किंवा ताण आहे. ट्रेच्या बाहेर लघवी करणारं मांजर सूड घेत नसतं. बऱ्याचदा लघवी करताना त्याला दुखत असतं आणि दुखण्याचा संबंध ते ट्रेशी लावतं.

इथे बोका पाळणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय आणि लघवी येत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. बद्धकोष्ठ असेल म्हणून लोक थांबतात. मूत्रमार्ग बंद पडला असेल तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. रात्री उशिरा आणलेले आणि वाचलेले बोके मी पाहिले आहेत, दुसऱ्या दिवशी आणलेले आणि न वाचलेलेही.

झुळूक

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टीवालीताई, तुमचा प्रश्न वाचून शाल उजेडात धरून बघितली. एका कोपऱ्याला चार भोकं आहेत, कडा कुरतडल्यासारख्या. झालरीचे दोन-तीन गोंडे पूर्ण गायब आहेत आणि ते घरात कुठेच सापडले नाहीत. तिला उलटी नाही, आज नेहमीसारखी जेवली, शीसुद्धा झाली. आता काय करू?

पट्टीवाली

जेवतेय, उलटी नाही, शी होतेय, ही चांगली लक्षणं आहेत. तरीही डॉक्टरांना आजच फोन करून गोंडे गायब आहेत हे सांगा आणि तिला दाखवून आणा. ते पोट चाचपतील, जिभेखाली बघतील, लागलं तर सोनोग्राफी करतील. उलटी, जेवण सोडणं, कोपऱ्यात गप्प बसणं, पोटाला हात लावू न देणं, यातलं एक जरी दिसलं तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता निघा. घरच्या घरी रेचक, तेल वगैरे काही देऊ नका.

शाल कपाटात, आणि फक्त शाल नव्हे: स्वेटर, पायमोजे, लोकरीचे गुंडे, शिवणाचा डबा, सगळं बंद. ती काही दिवस शोधेल, दुसरं काही तोंडात घ्यायला बघेल. त्या वेळेला, म्हणजे रात्री ती शालीवर चढायची तेव्हा, तिला खेळवा आणि खाणं लपवलेलं खेळणं द्या, म्हणजे तोंडाला काम राहील. कुंडीत मांजरांसाठीचं गवत लावलंत तर चघळायला तेही चालेल. तिंबायला मांडी किंवा घट्ट विणीची जाड सुती चादर द्या, झालर नसलेली. चादर चावायला लागली तर तीही काढा. कापड खाण्यामागे कधी पोटाचा किंवा पचनाचा त्रास असतो, आहारात तंतुमय भाग वाढवावा का हे डॉक्टरांनाच विचारा.

भाटीवाला

पट्टीवालीताईंनी वेळेवर विचारलं, बरं झालं. भोकं असतील तर शाल काढायलाच हवी. झुळूकताई, तिंबणं मात्र थांबवू नका, मांडीवर येऊ द्या. नखं टोचतात म्हणून लोक ढकलतात आणि मांजर बावरते. नखांची टोकं कापून घ्या आणि मांडीवर जाड सुती काहीतरी घ्या.

झुळूक

फोन झाला, आज संध्याकाळची वेळ मिळाली आहे. लोकरीचं सगळं कपाटात गेलं. सासूबाईंनी स्वतः त्यांचं विणकाम उचललं आणि भुरकीला जवळ घेऊन बसल्या आहेत. डॉक्टरांकडे जाताना आणखी काही न्यायचं का?

पट्टीवाली

शालच घेऊन जा, कुरतडलेला कोपरा आणि उरलेले गोंडे दोन्ही दिसतील अशी. किती लांबीचा धागा पोटात गेला असेल याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनच येईल. आणि ती चोखत असतानाचा व्हिडिओ फोनवर असेल तर तोही दाखवा.