लिहित्या माणसाची दखल कशी घ्यावी? खान्देशातले अनुभव

ज्यांचं लिखाण वाचून पारावर बोलणं सुरू होतं, अशी माणसं जळगाव, धुळे, नंदुरबारात प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या वाट्याला शाल, नारळ आणि 'दोन शब्द' म्हणत पाऊण तास चाललेलं भाषण येतं. ते सोडून दुसरं काय जमतं, कुठे फसतं, ते मापासकट लिहा. आठवणी नकोत, रीत सांगा, असं वेगवेगळ्या कामांतल्या माणसांना विचारलं. आलेली उत्तरं खाली आहेत, कोणाची ते मथळ्यात.

वाचनालय सांभाळणारे

निवडीपासूनच घोळ होतो. फोनवर मतदान ठेवलं की ज्याचा गोतावळा मोठा तो निवडून येतो. त्यापेक्षा कागदावर तीन रकाने आखा: कोणता लेख, त्यातलं कोणतं वाक्य, वाचून काय केलं किंवा कोणाशी बोललात. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती शिफारस बाजूला ठेवा. निवड समिती तीन किंवा पाच जणांची असावी, चारांत बरोबरी अडते. नातलगाचं नाव निघालं तर त्या फेरीपुरतं त्या सभासदानं उठून बाहेर बसायचं.

"ज्याला मान मिळाला त्यानं पुढच्या पाच जणांना द्यावा" ही साखळी ऐकायला गोड वाटते. हिशोब करा: ५, २५, १२५, ६२५. चौथ्या फेरीत तालुक्यातलं लिहिणारं कोणी शिल्लक राहत नाही आणि मानही राहत नाही. एकानं एकच नाव द्यावं, तेही दुसऱ्या तालुक्यातलं. शहाद्याच्या माणसाला रावेरचं कोण लिहितं हे शोधावं लागतं, आणि शोधताना वाचावं लागतं.

अहिराणी लिहिणारे-वाचणारे

अहिराणीतलं वाक्य उद्धृत करताना ते 'शुद्ध' करू नका. अहिराणीत ळ चा य होतो. 'डोया' लिहिलं की फोन 'डोळा' सुचवतो, आणि घाईत तेच छापायला जातं. सुचवणारी सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा.

दुसरी खोड 'ऱ्ह'ची. "काय करी ऱ्हायना?" यातला अर्धा र आडवा असतो. तो येण्यासाठी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग ह. साधा र घेतला तर रफार चढतो आणि 'र्हायना' उमटतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ शिफ्ट धरून इंग्रजी 'J'ची कळ दाबल्यावर मिळतो. सत्काराच्या कागदावर लेखकाचं वाक्य चुकीचं छापण्यापेक्षा ते न छापलेलं बरं. लिहिणाऱ्याला पहिली तीच चूक दिसते.

आणि सगळ्या खान्देशाला एकच बोली समजू नका. यावल-रावेरकडची लेवा बोली वेगळी. मजकूर ज्या बोलीतला, त्या बोलीच्या माणसाकडूनच तपासून घ्या.

छपाईवाले

मानपत्राचा मजकूर १२० ते १५० शब्दांचा असावा. त्याहून लांब झाला की अक्षर बारीक होतं आणि भिंतीवर लावल्यावर कोणी वाचत नाही. 'थोर, व्यासंगी, अष्टपैलू' काढून टाका, त्या जागी लेखाचं नाव आणि साल घाला. नाव लेखक स्वतः छापतो तसंच हवं.

मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर टाइप होतं त्या पद्धतीत) येतो, जुन्या छपाईच्या सॉफ्टवेअरला जुना फॉन्ट लागतो. मधल्या रूपांतरात रफार, 'ऱ्या' आणि 'ॲ' हमखास बिघडतात. पडद्यावर तपासून भागत नाही, प्रिंट काढून मोठ्यानं वाचा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर दिवा पडला की फोटोत अक्षरंच दिसत नाहीत.

कार्यक्रम लावणारे

मे महिन्यात दुपारी कोणी येत नाही. कूलर लावले तर माइक ऐकू येत नाही, बंद केले तर माणसं उठतात. म्हणून सायंकाळी सातनंतर, गच्चीवर किंवा अंगणात. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकरी वाचक मिळत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात, बायांची गर्दी हवी तर तोच आठवडा धरा.

एकूण वेळ सव्वा तास: लेखक स्वतः वाचतो पंधरा मिनिटं, दोन वाचक दहा-दहा मिनिटं 'मला यातलं काय लागलं' ते सांगतात, उरलेला वेळ प्रश्नांना. अध्यक्षांना पाच मिनिटं, तीही शेवटी. जळगावला १९०७ च्या कविसंमेलनात धरणगावच्या ठोमऱ्यांना 'बालकवी' हे नाव मिळालं ते कविता ऐकवल्यावर. आधी ऐकणं झालं, मग मान.

शालीचे पैसे पाकिटात द्या किंवा त्यातून लेखकाचीच पुस्तकं विकत घेऊन गावच्या शाळेत ठेवा. प्रवासखर्च वेगळा, आणि तो मागायची वेळ येऊ देऊ नका.

आणखी एक, थोडक्यात

जिवंत लेखकाचा अख्खा लेख झेरॉक्स काढून वाटायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. परीक्षणासाठी दोन-चार ओळी घेतल्या तर चालतं, नाव मात्र लिहा.

ओव्या-गाणी गोळा करणारे

जी लिहीत नाही तिचं काय? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ऐकून टिपून ठेवलं म्हणून त्या कविता उरल्या, आणि पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आखाजीची झोक्यावरची गाणी म्हणणाऱ्या बाईची दखल म्हणजे आधी तिचं म्हणणं उतरवून घेणं.

फोन वीतभर अंतरावर, कापडाच्या घडीवर ठेवा. पंखा बंद, फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन ओवीत बँकेचा कॉल येतो. सुरुवातीला गाव, तारीख आणि तिची परवानगी तिच्याच आवाजात घ्या. कागदावर त्याच दिवशी उतरवा, आठवड्यानं बोलीतले शब्द कळेनासे होतात. उतरवलेलं तिला वाचून दाखवा. ती दहा जागी दुरुस्त करते. एक प्रत तिच्या घरी द्यायची, मोठ्या अक्षरात, नातवंडांना वाचता येईल अशी.