झाझ आणि पियाफ: थोडी भर

फ्रेंच गायिका झाझला ‘नवी पियाफ’ म्हणतात, म्हणजे जुन्या जमान्यातली विख्यात फ्रेंच गायिका एदित पियाफच जणू. हे मला अर्धंच पटतं. घोगरा आवाज, पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या रस्त्यांवर गाणं, इथवर ठीक. पहिल्याच अल्बममध्ये (2010) तिने पियाफचं ‘दां मा र्‍यू’ही गायलंय. पण त्याच अल्बममधलं ‘झ वो’ हे गाणं ऐका. गिटारचा ठेका सरळसरळ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या जिप्सी जॅझचा, आणि मध्येच बाई नुसत्या तोंडाने ट्रम्पेटचा आवाज काढतात! ही गंमत पियाफकडे कुठली? शब्द मात्र अस्सल शांसाँचे, म्हणजे शब्दप्रधान फ्रेंच गाण्याचे: रिट्झ या आलिशान हॉटेलातली खोली नको, शनेलचे दागिने नकोत.

2014 च्या ‘पारी’ या अल्बममध्ये अमेरिकन संगीत-निर्माता क्विन्सी जोन्सने काही गाण्यांची निर्मिती केली, फ्रेंच गायक शार्ल अझ्नावूरसोबत युगुलगीतही आहे. बिग बँडचा, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचा थाट झकास, पण मला तो जरा जास्तच चकचकीत वाटतो. सुरुवात पहिल्या अल्बमपासूनच करा.