‘सिंहगड’ हरवला, म्हणून काय बिघडले?

फोंडेकर : गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जवळ आला की बाबूराव पेंटर यांच्या 1923 च्या ‘सिंहगड’ या हरवलेल्या मूकपटाबद्दल उसासे सुरू होतात. आमच्या जत्रांतल्या नाटकांत तानाजी आजही गड चढतो. त्या रिळांवाचून कोणाचे काय अडले आहे?

पेडणेकर : फोंडेकरबाब, कथा हरवली अशी तक्रार कोणीच केलेली नाही, ती ज्या कादंबरीवर बेतली होती ती हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ग्रंथालयात मिळते. शिवाजीमहाराजांच्या भूमिकेत खुद्द बाबूराव कसे वावरत होते, शेलारमामा झालेला तरुण व्ही. शांताराम म्हातारपण कसे वठवत होता आणि कृत्रिम दिव्यांच्या उजेडात त्या चित्रकाराने रात्र कशी उभी केली, हे कादंबरीत कुठे सापडणार? शांतारामांच्या 1930 च्या ‘उदयकाल’चे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते आणि ते इंग्रज सेन्सॉरने बदलायला लावले. पडद्यावरच्या चित्राचा धसका सरकारला बसला होता, हे तरी आपण मान्य कराल.

माशेलकर : जत्रेतल्या नाटकांचा विषय निघालाच आहे, म्हणून त्यांतल्या पोशाखाबद्दल सांगतो. यंदा आमच्या जत्रेतल्या तानाजीच्या अंगावर लग्नातली चकचकीत शेरवानी होती आणि तिच्या खिशावर भाडेवाल्याचा क्रमांक टाचलेला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या अंगरख्यांसाठी गळा काढणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

फोंडेकर : गावची पोरे पदरमोड करून नाटक उभे करतात, त्यांची टवाळी करणे सोपे आहे. आपण यंदा वर्गणी किती दिली?

माशेलकर : वर्गणी दिली म्हणूनच बोलतो आहे. मखमल परवडत नसेल तर साधे सुती धोतर-बाराबंदी नेसवा. मावळा त्यातच शोभतो.

मडगावची वाचक : माझ्या आजोबांनी स्वहस्ते उतरवलेली नाटकाची वही, समासात पडद्यांच्या आणि तलवारीच्या हातांच्या खुणांसह, पावसाळ्यात वाळवीने संपवली. नाटक छापील मिळते, आजोबांचे नाटक मिळत नाही. फोंडेकरांना हा फरक कळत नसेल, तर वाद थांबवलेला बरा.

फोंडेकर : बरे, रिळे असती तर मीही पाहिली असती, एवढे कबूल. परंतु नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, चांदीसाठी जुनी रिळे वितळवली जात, आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले 1964 मध्ये. आता दोष कोणाला द्यायचा?

पेडणेकर : दोष राहू द्या. आपल्या जत्रेतल्या नाटकांचे चित्रीकरण कोणी जपून ठेवले आहे का, तेवढे सांगा.

फोंडेकर : मोबाइलवर आहे. अर्धे.